चाचणीची सुई कोणाच्या हाती?

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची सूत्रे पुन्हा हाती घेताच डोनाल्ड ट्रम्प यांनी परदेशांना दिली जाणारी मदत रोखण्याच्या आदेशावर सही केली. त्या सहीची शाई वाळते न वाळते तोच हैदराबाद, कल्याण आणि पुणे या तीन शहरांतील 'मित्र' नावाची तीन लहान आरोग्यकेंद्रे बंद पडली. तृतीयपंथी व्यक्तींसाठी, आणि बव्हंशी तृतीयपंथी व्यक्तींनीच चालविलेली ही केंद्रे होती. हैदराबादचे केंद्र २०२१ च्या जानेवारीत सुरू झाले, आणि अशा प्रकारचे ते देशातील पहिलेच केंद्र होते. वृत्तसंस्थांनी दिलेल्या माहितीप्रमाणे एका केंद्राचा वर्षाचा खर्च फार तर ३० लाख रुपयांच्या घरात होता. मंत्रिमहोदयांच्या एखाद्या उद्घाटन-समारंभाच्या मांडवालाही याहून अधिक खर्च येत असेल!

बहुतेक वृत्तपत्रांनी ही बातमी एक करुण प्रसंग म्हणून छापली आणि दुसऱ्या दिवशी ती विसरून गेली. साम्राज्यवादी मदतीचे खरे स्वरूप यातून उघड झाले, असे काहींनी म्हटले. ते खोटे नाही. परंतु एवढे म्हणून थांबणे म्हणजे अर्धेच बोलणे होय. ज्या देशातील कारखाने जगातील गरीब देशांना एड्सवरील औषधे पुरवितात, त्या देशाच्या तीन शहरांतील काही हजार माणसांची रक्ततपासणी वॉशिंग्टनमधील एका सहीवर अवलंबून कशी राहिली, हा प्रश्न त्यात सुटून जातो. आणि दुसरा, त्याहूनही महत्त्वाचा प्रश्न असा की, या केंद्रांमध्ये नेमके कोणते काम होत होते आणि ते इतर कोणालाही का करता आले नसते? पुरोगामी चळवळीतही या विषयाची माहिती तुटपुंजी आहे, म्हणून त्याची मांडणी थोडी तपशिलाने केली पाहिजे.

प्रथम आकडे. भारतात एचआयव्हीची लागण झालेल्या व्यक्तींची संख्या २०२३ च्या सरकारी अंदाजानुसार २५ लाखांहून अधिक आहे. प्रौढ लोकसंख्येत हे प्रमाण सुमारे ०.२ टक्के पडते. २०२०-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत मात्र पुरुषांशी लैंगिक संबंध असलेल्या पुरुषांमध्ये हे प्रमाण ३.२६ टक्के, तर हिजडा व तृतीयपंथी समूहात ३.७८ टक्के आढळले. म्हणजे सर्वसाधारण जनतेच्या सोळा ते एकोणीस पट. हे आकडे दाखवून 'पाहा, हा त्यांचाच रोग' असे म्हणणारे सनातनी प्रत्येक गावात भेटतात. शरीरशास्त्रीय कारण नाही असे नाही. गुदमार्गाच्या संबंधात लागणीची शक्यता अधिक असते, हे वैद्यकशास्त्र सांगते आणि ते दडविण्याचे कारण नाही. परंतु शरीरशास्त्र तर सर्व देशांत एकच आहे. लागणीचे प्रमाण मात्र देशादेशांत आणि एकाच देशात शहराशहरांत भिन्न आहे. हा फरक माणसांच्या शरीरांनी घडविलेला नाही. तो समाजाने घडविला आहे. ज्याला घरातून हाकलून दिले जाते, ज्याचे शिक्षण सातवी-आठवीत चिडवाचिडवीमुळे सुटते, ज्याला नोकरी मिळत नाही म्हणून सिग्नलवर हात पसरावा लागतो किंवा रात्री रस्त्यावर उभे राहावे लागते, आणि ज्याला पोलिसाच्या दंडुक्याच्या भीतीने कोणताही संबंध दोन-चार मिनिटांत अंधारात उरकावा लागतो, त्या माणसाजवळ निरोध वापरण्याविषयी वाटाघाट करण्याची सवड आणि सत्ता कोठून येणार?

या परिस्थितीत नेहमीची सरकारी पद्धत निरुपयोगी ठरते. नेहमीची पद्धत म्हणजे जिल्हा रुग्णालयात एक तपासणी केंद्र उघडायचे, भिंतीवर रंगीत पत्रके चिकटवायची आणि सकाळी नऊ ते दुपारी चारपर्यंत लोकांची वाट पाहायची. लोक येत नाहीत. मग अहवालात लिहायचे की या समूहात जागृती नाही.

या कोंडीतून जी वाट निघाली ती कोणा तज्ज्ञाच्या टेबलावर निघालेली नाही. त्याच समूहातील माणसाला शिकवून त्याच समूहात पाठवायचे, ही ती वाट. प्रकल्पाच्या कागदपत्रांत या कार्यकर्त्याला 'पिअर एज्युकेटर' म्हणतात. वस्त्यांत नुसते 'पिअर'. मराठीत त्याला सोबती म्हणणे योग्य होईल, कारण त्याची सारी ताकद सोबत असण्यातच आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात साधारणपणे साठ व्यक्तींमागे असा एक सोबती धरलेला असतो. त्या साठ जणांपैकी कोण कोठे भेटतो, कोणत्या स्टेशनच्या पुलावर, कोणत्या बागेच्या मागच्या फाटकाशी, कोणत्या गुरूच्या घरी, हे त्याला ठाऊक असते. कोती कोण, पंथी कोण, कोणाचे लग्न झालेले आहे आणि ते घरी ठाऊक नाही, कोणत्या चेल्याला गुरूने नुकतेच घराबाहेर काढले आहे, हेही त्याला ठाऊक असते. ही माहिती पोलिसाच्या हाती पडली तर शस्त्र ठरेल. सोबत्याच्या हाती ती औषध ठरते.

तपासणी स्वतः फार अवघड नाही. बोटाच्या टोकाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब पट्टीवर घ्यायचा आणि वीसएक मिनिटे थांबायचे. पट्टीवर संशय दिसला तर ती लागण मानली जात नाही. सरकारी केंद्रात वेगवेगळ्या संचांनी फेरतपासणी झाल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. प्रशिक्षण घेतलेल्या, परंतु डॉक्टर वा परिचारिका नसलेल्या व्यक्तीने अशी तपासणी स्वतंत्रपणे करण्यास हरकत नाही, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच केली. तेव्हा कठीण असते ते सुई टोचणे नव्हे. कठीण असतात ती वीस मिनिटे. त्या वेळात समोरचा माणूस काय विचारतो? आईला कळेल का, कामावरून काढतील का, आता किती वर्षे उरली, हे विचारतो. आणि पुष्कळदा काहीच विचारत नाही. 'मी पण याच खुर्चीवर बसले होते गं, घाबरू नकोस,' एवढे वाक्य जिला म्हणता येते तिच्याजवळ जे आहे ते कोणत्याही पदवीने मिळत नाही.

आणि खरे काम तर तपासणीनंतर सुरू होते. लागण निष्पन्न झाली तर त्या व्यक्तीला एआरटी केंद्रापर्यंत नेणे, केसपेपर काढताना 'नाव काय, पुरुष की बाई' या प्रश्नाशी झगडणे, रांगेतील हशा सोसणे, पहिल्या महिन्यातील मळमळीमुळे गोळ्या सोडू न देणे. विवाहित पुरुष असेल तर त्याच्या पत्नीचीही तपासणी व्हावी म्हणून त्याला हळूहळू तयार करणे. आपल्या समाजात लग्न ही सक्ती असल्यामुळे पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांपैकी अनेक जण संसारी आहेत, आणि म्हणून या कामाचा लाभ एखाद्या चाळीतील दोन खोल्यांत राहणाऱ्या, यातले काहीही ठाऊक नसलेल्या स्त्रीपर्यंत पोहोचतो. जे लोक हा प्रश्न 'मूठभरांचा' म्हणून बाजूला सारतात त्यांनी या स्त्रीचा विचार करावा.

औषधशास्त्राने या कामाला गेल्या काही वर्षांत मोठे बळ दिले आहे. लागण झालेली व्यक्ती नियमितपणे गोळ्या घेत असेल आणि तिच्या रक्तातील विषाणू मोजता न येण्याइतके कमी झाले असतील, तर तिच्याकडून लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एका मोठ्या अभ्यासात समलिंगी पुरुषांच्या जोडप्यांची अशी पाहणी झाली. निरोधाविना झालेल्या सुमारे ७६ हजार संबंधांतून जोडीदाराकडून जोडीदाराला झालेली एकही लागण आढळली नाही. भारतात सरकारी रुग्णालयांतून मोफत औषधे १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली आणि २०१७ पासून लागण आढळताच औषध सुरू करण्याचे धोरण आले. म्हणजेच लवकर केलेली तपासणी हा आज उपचारही आहे आणि प्रतिबंधही. उशिरा झालेली तपासणी मात्र पुष्कळदा क्षयरोगाच्या वॉर्डात होते.

तपासणीची सुई कोणाच्या हाती असावी, हा वाद देशात नवा नाही. १९८६ मध्ये चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये, लागणीच्या पहिल्या नोंदी झाल्या आणि त्यानंतर तीनच वर्षांनी गोव्याने या प्रश्नाचे सरकारी उत्तर देऊन टाकले. डॉमिनिक डिसोझा नावाचा तरुण नियमितपणे रक्तदान करीत असे. १९८९ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला उचलले आणि सार्वजनिक आरोग्य कायद्यातील दुरुस्तीचा आधार घेऊन म्हापशाजवळच्या एका जुन्या क्षयरोग-आरोग्यधामात डांबून ठेवले. काय झाले आहे, हे त्याला कोणी नीट सांगितलेही नव्हते. चौसष्ट दिवस तो तेथे होता. त्याच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. गोव्यात मोर्चे निघाले. तो सुटला, परंतु त्याची नोकरी गेली, आणि न्यायालयाने विलगीकरणाची ती तरतूद तत्त्वतः उचलूनच धरली. १९९२ मध्ये मृत्यू येण्यापूर्वी डिसोझाने लागण झालेल्या लोकांची एक संघटना उभी केली. सक्तीची तपासणी आणि कुलूप या मार्गाने साथ आटोक्यात येत नाही. भीतीने माणसे रक्तदानाच्या आणि तपासणीच्या दारापासून दूर पळतात, हा धडा त्या वेळीच मिळाला होता.

शासनकर्त्यांनी तो घेतला नाही. १९९४ मध्ये तिहार कारागृहात कैद्यांना निरोध देण्यास अधिकाऱ्यांनी नकार दिला. कारण काय, तर निरोध देणे म्हणजे दंडसंहितेचे कलम ३७७ ज्याला गुन्हा म्हणते त्याला प्रोत्साहन देणे! याविरुद्ध एड्स भेदभाव विरोधी आंदोलन या संघटनेने दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला. २००१ च्या जुलैत लखनऊ पोलिसांनी याच क्षेत्रात काम करणाऱ्या दोन संस्थांच्या चार कार्यकर्त्यांना अटक केली. त्यांच्याकडून जप्त झालेला 'अश्लील' मजकूर म्हणजे लागण कशी टाळावी हे सांगणारी पत्रके आणि साधने. सत्तेचाळीस दिवस ते तुरुंगात राहिले. ज्या कामासाठी एक सरकारी खाते संस्थांना निधी देत होते, त्याच कामासाठी दुसरे सरकारी खाते बेड्या घालीत होते.

हा विरोधाभास पुढे तर न्यायालयाच्या कागदावरच उतरला. कलम ३७७ विरुद्धच्या नाझ फाउंडेशनच्या याचिकेत केंद्रीय गृहमंत्रालयाने कलमाचे समर्थन केले. आणि २००६ मध्ये त्याच केंद्र सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने प्रतिज्ञापत्र दिले की, या कलमाच्या भीतीने माणसे लपून राहतात आणि त्यामुळे त्यांच्यापर्यंत पोहोचणे अशक्य होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी कलमाचा कणा मोडला. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा जोडला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी संमतीने होणारे प्रौढांचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढण्यात आले. चारच दिवसांनी, १० सप्टेंबरला, संमतीशिवाय तपासणीस आणि लागणीवरून होणाऱ्या भेदभावास मनाई करणारा २०१७ चा एचआयव्ही व एड्स कायदा अंमलात आला. (१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्याय संहितेने कलम ३७७ पूर्णच वगळले, त्याबरोबर पुरुषांवर व तृतीयपंथीयांवर होणाऱ्या बळजबरीला शिक्षा देणारा उरलासुरला आधारही नाहीसा झाला, याची चर्चा संसदेत जेवढी व्हावयास हवी होती तेवढी झाली नाही.)

याउलट दुसऱ्या मार्गाने काय साधते, याचे उदाहरण कोलकात्याच्या सोनागाचीत आहे. १९९२ मध्ये डॉ. स्मरजित जाना यांनी तेथील वेश्याव्यवसायातील स्त्रियांनाच आरोग्य-कार्यकर्त्या म्हणून नेमले. थोड्याच काळात लक्षात आले की निरोध वाटून भागत नाही. गुंडाची, पोलिसाची आणि सावकाराची भीती असेपर्यंत स्त्रीला ग्राहकाला 'नाही' म्हणता येत नाही. म्हणून १९९५ मध्ये दुर्बार महिला समन्वय समिती उभी राहिली. पाठोपाठ सहकारी पतपेढी आली. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस मुंबईतील वेश्याव्यवसायातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना लागण झालेली असताना सोनागाचीत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास वा त्याखाली राहिले. सांगलीत १९९६ पासून वेश्या अन्याय मुक्ती परिषदेने याच मार्गाने काम केले. संघटना हे येथे औषधाइतकेच परिणामकारक साधन ठरले, यात कामगार चळवळीतल्या माणसाला आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी यांच्यात मुंबईत हे काम १९९४ मध्ये स्थापन झालेल्या हमसफर ट्रस्टने सुरू केले. सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्यात महापालिकेच्या एका जुन्या इमारतीत त्यांना जागा मिळाली. महापालिकेची रुग्णालये जवळ आली, ती याच कार्यकर्त्यांच्या चिकाटीमुळे. पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट स्थापन केला आणि हा सारा विषय सोप्या मराठीत पुस्तकांतून मांडला. आपल्या भाषेत या गोष्टींना सभ्य शब्दच नव्हते. होत्या त्या शिव्या. शब्द नसतील तर रोगी डॉक्टरला सांगणार तरी काय?

आता पैशाचा प्रश्न. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पहिला टप्पा १९९२ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जावर सुरू झाला. उदारीकरणाच्या पहिल्या पावलांबरोबरच हे कर्ज आले, हा योगायोग नव्हे. २००३ मध्ये गेट्स प्रतिष्ठानाने 'आवाहन' हा प्रकल्प सहा राज्यांत उभा केला आणि दहा वर्षांच्या आत तो टप्प्याटप्प्याने सरकारच्या हवाली केला. या पैशाने काम झाले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु पैशाबरोबर पैसेवाल्याची नजरही आली. किती माणसे 'गाठली', किती निरोध 'वाटले', किती तपासण्या 'झाल्या' याचे मासिक रकाने भरण्यात सोबत्याचा दिवस जाऊ लागला. जी माणसे मोबाईलवरच्या ॲपवरून एकमेकांना भेटतात आणि कोणत्याच पुलावर वा बागेत उभी राहत नाहीत, ती या रकान्यांत कित्येक वर्षे बसलीच नाहीत. लहान गावांतील तरुण आज अशाच मार्गाने भेटतात. त्यांच्यापर्यंत पोहोचणारा सोबतीही त्याच मार्गाने जाणारा असला पाहिजे.

केंद्र सरकारच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. २०२१ ते २०२६ या पाचव्या टप्प्यासाठी १५,४७१.९४ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली आणि ती संपूर्णपणे केंद्राच्या तिजोरीतून. म्हणजे कार्यक्रमाचा मुख्य देह आज परकीय पैशावर उभा नाही. मग 'मित्र' केंद्रे का बंद पडली? कारण सरकारने आपल्या हाती ठेवला तो जुना, ठरीव भाग. आणि समूहाच्या खऱ्या गरजांतून जे नवे घडत होते, म्हणजे तपासणीबरोबरच संप्रेरकोपचार, मनाचे आजार, कायद्याचा सल्ला, हे सारे एका दारातून देणारे केंद्र, ते परदेशी देणगीदारावर सोडून दिले. तृतीयपंथी व्यक्ती केवळ विषाणूची वाहक म्हणून रुग्णालयात येत नाही. ती माणूस म्हणून येते, ही साधी गोष्ट सरकारी आराखड्यात बसेना. हैदराबादचे केंद्र त्याच वर्षी टाटांच्या धर्मादाय न्यासाच्या साह्याने 'सबरंग' या नावाने पुन्हा उघडले. ते उघडले हे चांगलेच झाले. परंतु अमेरिकन सरकारच्या मर्जीवरून देशी उद्योगपतीच्या मर्जीवर येणे याला आरोग्याचा अधिकार म्हणता येणार नाही.

याहून कमी बोलला जाणारा प्रश्न सोबत्याच्या पोटाचा आहे. त्याला जे मिळते त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. आशा सेविका आणि अंगणवाडी सेविका यांच्या लढ्यामुळे हा शब्द आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. काम पूर्ण वेळेचे, जबाबदारी शासनाची, आणि कामगार म्हणून मान्यता मात्र नाही. अंगणवाडी सेविकांना उपदान मिळण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एप्रिलमध्ये मान्य केला, तो वर्षानुवर्षांच्या संघटित लढ्यानंतर. सोबत्यांची स्थिती त्याहूनही बिकट. ते कोणा स्वयंसेवी संस्थेचे कंत्राटी, ती संस्था राज्य एड्स नियंत्रण सोसायटीची कंत्राटी, करार वर्षावर्षाचा, निधीचा हप्ता लांबला की मानधनही लांबते. काम बहुधा रात्रीचे, पोलिसांच्या आणि गुंडांच्या सावलीत, आणि पुष्कळदा स्वतः लागण झालेल्या माणसाने केलेले. 'स्वयंसेवा' या गोड शब्दाखाली श्रमाची लूट कशी होते, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणार नाही. जी माणसे नोकरीच्या बाजारातून केवळ चालण्या-बोलण्यामुळे हाकलली गेली, त्यांना हे काम म्हणजे अनेकदा पहिलीच प्रतिष्ठेची जागा असते. आणि नेमका याच भावनेचा फायदा घेऊन त्यांना स्वस्तात राबविले जाते.

लागण होण्यापूर्वीच घ्यावयाच्या प्रतिबंधक औषधाचे तेच. रोज एक गोळी घेतल्याने लागण टळते; पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच तिची शिफारस केली. भारतात नॅकोची मार्गदर्शक सूत्रे २०२२ मध्ये आली, आणि ज्यांना गोळी ठाऊक होती त्यांतील बहुतेकांनी ती खिशातून पैसे काढूनच घेतली. तोवर विज्ञान पुढे गेले. सहा महिन्यांतून एकदा टोचावयाच्या लेनाकापाविर या औषधाच्या चाचण्यांत २०२४ मध्ये जवळजवळ संपूर्ण संरक्षण आढळले. पुरुष आणि तृतीयपंथी यांच्यावरील चाचणीत ते घेणाऱ्या दोन हजारांहून अधिक व्यक्तींपैकी केवळ दोघांना लागण झाली. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली तेव्हा गिलियाड कंपनीने वर्षाची किंमत लावली २८ हजार डॉलरहून अधिक. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात दोन भारतीय कंपन्यांनी २०२७ पासून ते वर्षाला सुमारे ४० डॉलरला देण्याचे जाहीर केले. सातशे पटींचा हा फरक औषध बनविण्याच्या खर्चाचा नाही. तो मक्तेदारीचा आहे. २००१ मध्ये सिप्लाने तीन औषधांचे मिश्रण वर्षाला ३५० डॉलरला देऊ केले, तेव्हा बहुराष्ट्रीय कंपन्यांची किंमत दहा हजार डॉलर व त्याहून वर होती. १९७० च्या पेटंट कायद्याने तेव्हा ते शक्य केले होते. २००५ च्या दुरुस्तीनंतर भारतीय कंपनीला मूळ कंपनीचा परवाना मागावा लागतो, आणि तो परवाना कोणत्या देशांसाठी द्यायचा हे ती कंपनी ठरविते.

राहता राहिला आपल्याच पंगतीतील प्रश्न. १९९४ च्या डिसेंबरात मुंबईत समलिंगी पुरुषांची परिषद भरली तेव्हा तिला पाश्चात्त्य विकृतीचे आक्रमण ठरवून ती रद्द करावी, अशी मागणी करणाऱ्यांत डाव्या चळवळीतील एक महिला संघटनाही होती. ही भूमिका तेव्हा अपवादात्मक नव्हती. हे 'भांडवली ऱ्हासाचे लक्षण' आहे, असे वर्षानुवर्षे अनेक जुन्या कार्यकर्त्यांना मनापासून वाटत असे. क्यूबानेही १९८६ पासून लागण झालेल्या सर्वांना आरोग्यधामात ठेवण्याची सक्ती केली होती. तेथे जेवण, औषध आणि पूर्ण पगार मिळे, पण दार बंद होते. १९९३ पासून क्यूबाने ती सक्ती सैल केली आणि पुढे पुरुषांशी संबंध असलेल्या पुरुषांतूनच आरोग्य-प्रचारक तयार केले. आईकडून बाळाला होणारी लागण संपविल्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळविणारा जगातील पहिला देश २०१५ मध्ये क्यूबाच ठरला. ज्याला दार उघडताना लाज वाटली नाही अशा देशाचा हा इतिहास आहे, आणि तो आपल्या सभांत क्वचितच सांगितला जातो.

शाखांना करता येण्याजोगे काम पुष्कळ आहे, आणि त्यातील बहुतेक कामाला मोठ्या निधीची गरज नाही. जिल्हा रुग्णालयातील तपासणी केंद्र संध्याकाळी दोन तास उघडे राहते काय, केसपेपरवर तृतीयपंथी म्हणून नोंद होते की कारकून हसून 'पुरुष' लिहितो, एआरटी केंद्रात गोळ्यांचा साठा संपल्याने लोकांना आठ-आठ दिवसांच्याच गोळ्या देऊन परत पाठविले जाते काय, हे प्रश्न रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत विचारता येतात. वाचक सोलापूरचा असो, इंदूरचा, बडोद्याचा वा हैदराबादचा, त्याच्या शहरात सोबत्यांची एखादी तुकडी बहुधा असतेच, आणि तिला मानधनाचा शेवटचा हप्ता केव्हा मिळाला हे विचारण्यासाठी आजवर कोणतीही कामगार संघटना तिच्या दारात गेलेली नसण्याचाच संभव अधिक. आशा सेविकांच्या मागणीपत्रकात किमान वेतन, आजारपणाची रजा आणि विमा ही कलमे आहेत. तीच सोबत्यांनाही लागू पडतात. भर घालावी लागेल ती एका कलमाची: कामावर असताना पोलिसाने अडविले तर दाखविण्यासाठी शासनाच्या सहीशिक्क्याचे ओळखपत्र.